लिनक्स कर्नलमधील प्रोसेसरचा वेग आणि वीज : निर्णयाधिकाराचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाची मांडणी बहुधा वेगाच्या अंगाने केली जाते. कोणत्या वर्षी किती मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बाजारात आला, हा त्या इतिहासाचा परिचित कणा आहे. तोच वेग कमी केव्हा करावा, किती करावा आणि तो निर्णय कोणी घ्यावा, या प्रश्नांचा इतिहास मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. वास्तविक, नित्याच्या वापरातील संगणकाचा प्रोसेसर बराचसा वेळ कामाची वाट पाहत असतो. त्या वेळात तो किती वीज घेतो यावर भ्रमणध्वनीची बॅटरी किती तास टिकेल हे ठरते, आणि हजारो सर्व्हर असलेल्या केंद्राचे वीजबिलही पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार लिनक्स कर्नलच्या संदर्भात केला आहे. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा; यंत्रसामग्री आणि वापरकर्त्याचे प्रोग्राम यांच्यामधील सर्व व्यवहार त्याच्यामार्फत होतात. लिनक्सची निवड करण्यामागे इतिहासलेखनाच्या साधनांचा विचार आहे. व्यापारी ऑपरेटिंग सिस्टीममधील निर्णयांची कागदपत्रे कंपन्यांच्या कपाटात राहतात. लिनक्समध्ये आज्ञावली, तिच्यातील प्रत्येक बदल, तो सुचवणाऱ्याचे नाव, त्यावरील आक्षेप आणि ते आक्षेप फेटाळण्याची कारणेही सार्वजनिक असतात. एखाद्या संस्थेचे सर्व टिप्पणीकागद अभ्यासकाला खुले असावेत, तसा हा प्रकार आहे.

ही साधने पाहता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. प्रोसेसरला किती काम आहे याची माहिती ज्या घटकाकडे होती, त्याच्याकडे वेग ठरवण्याचा अधिकार दीर्घकाळ नव्हता. आणि ज्याच्याकडे अधिकार होता, त्याच्याकडे ही माहिती अंदाजानेच पोहोचत होती. ही फारकत दूर होण्यास 2016 साल उजाडले, आणि तोपर्यंत अधिकाराचे केंद्र पुन्हा दुसरीकडे सरकू लागले होते.

व्होल्टेजचा वर्ग

प्रोसेसरमधील स्विच उघडझाप करताना जी वीज खर्च होते ती वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. केवळ वारंवारता निम्मी केली तर शक्ती निम्मी होते, परंतु काम दुप्पट वेळ चालते. त्यामुळे एकूण ऊर्जेत बचत होत नाही. खरी बचत होते ती कमी वारंवारतेला कमी व्होल्टेज पुरते म्हणून. 2000 सालच्या जानेवारीत इंटेलने स्पीडस्टेप तंत्र असलेला मोबाईल पेंटियम 3 आणला. त्याचा 650 मेगाहर्ट्झचा नमुना विजेच्या जोडणीवर 1.6 व्होल्टला चालत असे आणि बॅटरीवर 500 मेगाहर्ट्झ व 1.35 व्होल्टला. या आकड्यांवरून हिशेब मांडला तर वेगात सुमारे 23 टक्के घट होते, पण उघडझापीची शक्ती सुमारे 45 टक्क्यांनी उतरते. तेवढ्याच कामासाठी लागणारी ऊर्जाही सुमारे 29 टक्क्यांनी कमी होते. पुढील सर्व खटाटोप या वर्गाच्या गुणधर्मावर उभा आहे.

हा विचार प्रथम ऑपरेटिंग सिस्टीमच्या भाषेत मांडण्याचे श्रेय झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील मार्क वायझर, ब्रेंट वेल्च, अ‍ॅलन डेमर्स आणि स्कॉट शेंकर यांच्याकडे जाते. 1994 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात वर्कस्टेशनवरील प्रत्यक्ष कामाच्या नोंदी घेऊन, वेग बदलता आला असता तर किती ऊर्जा वाचली असती, याचे गणन केले होते. त्यांनी तपासलेल्या पद्धतींपैकी एक भविष्य संपूर्ण माहीत असल्याचे गृहीत धरत असे. ती अर्थातच आदर्श, पण अशक्य. व्यवहार्य पद्धत साधी होती : नुकत्याच संपलेल्या काही मिलिसेकंदांच्या खिडकीत प्रोसेसर किती टक्के गुंतलेला होता ते पाहावे, आणि पुढची खिडकीही तशीच असेल असे मानून वेग ठरवावा. गुंतवणूक 70 टक्क्यांच्या वर गेली तर वेग वाढवावा, 50 टक्क्यांच्या खाली आली तर उतरवावा. कालच्या हजेरीवरून आजच्या वर्गात किती बाकडी लागतील हे ठरवण्यासारखी ही रीत आहे. तिच्या मर्यादा उघड असूनही पुढील वीस वर्षे कर्नलमधील व्यवहार मूलतः याच रीतीने चालला, हे विशेष म्हणावे लागेल.

बायोसकडून कर्नलकडे

शोधनिबंधात जे कर्नलचे काम म्हणून मांडले गेले, ते बाजारातील संगणकांत त्या वेळी कर्नलच्या हाती नव्हते. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 1992 साली आणलेल्या एपीएम या व्यवस्थेत विजेचे नियंत्रण बायोसकडे, म्हणजे निर्मात्याने मदरबोर्डवरील चिपमध्ये ठेवलेल्या आज्ञावलीकडे होते. आपल्याला काम नाही एवढेच ऑपरेटिंग सिस्टीम बायोसला कळवू शके. पुढे काय करायचे ते बायोस ठरवी.

डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले आणि ही रचना तत्त्वतः उलटवली. निर्मात्याने यंत्राच्या क्षमतांची कोष्टके द्यावीत आणि निर्णय ऑपरेटिंग सिस्टीमने घ्यावा, अशी विभागणी त्यात होती. प्रत्यक्षात निर्मात्यांच्या कोष्टकांतील चुका निस्तरण्यात लिनक्सच्या विकासकांची बरीच वर्षे गेली. तरीही अधिकार बायोसकडून कर्नलकडे येण्याची ही पहिली पायरी होती.

याच काळात एक विरुद्ध दिशेचा प्रयोगही झाला. ट्रान्समेटा या कंपनीने जानेवारी 2000 मध्ये क्रुसो हा प्रोसेसर जाहीर केला. त्यातील लाँगरन या तंत्रात वेग आणि व्होल्टेज यांचा निर्णय प्रोसेसरसोबत येणारी स्वतःची आज्ञावली घेत असे. ऑपरेटिंग सिस्टीमला विचारण्याची गरज नव्हती. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स 1997 ते 2003 या काळात याच कंपनीत नोकरीस होते. पुढच्या वादाचा अर्थ समजण्यासाठी हा तपशील ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

2002 चा वाद

वेग बदलू शकणारे प्रोसेसर विविध कंपन्यांकडून येऊ लागल्यावर प्रत्येकासाठी स्वतंत्र युक्ती करण्याऐवजी एक सामायिक व्यवस्था असावी, असा विचार लिनक्समध्ये सुरू झाला. एआरएम प्रोसेसरवर काम करणारे रसेल किंग, त्याचप्रमाणे डेव्ह जोन्स, डॉमिनिक ब्रोडोव्स्की आदींच्या प्रयत्नांतून सीपीयूफ्रीक ही व्यवस्था तयार झाली. तिचा आरंभीचा आराखडा सरळ होता : वापरकर्त्याने किंवा त्याच्या प्रोग्रामने वारंवारतेचा आकडा द्यावा, कर्नलने तो प्रोसेसरपर्यंत पोहोचवावा.

टोरवाल्ड्स यांनी यास हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की आकडा सांगणे हा चुकीचा व्यवहार आहे. क्रुसोसारखा प्रोसेसर स्वतःच वेग ठरवतो. त्याला आकडा देण्यात अर्थ नाही. त्याला धोरण सांगावे : किमान किती, कमाल किती, आणि या मर्यादांत कल कामगिरीकडे असावा की बचतीकडे. ही हरकत आपल्या नोकरीतील यंत्राच्या अनुभवातून आली होती हे उघड आहे. पण म्हणून ती संकुचित ठरत नाही. वेगाचा आकडा आणि वेगाचे धोरण या दोन भिन्न पातळ्या आहेत, हे त्या चर्चेत प्रथमच स्पष्ट झाले.

निष्पत्ती तडजोडीची झाली. 2002 साली कर्नलच्या 2.5 या विकास-मालिकेत समाविष्ट झालेल्या आणि डिसेंबर 2003 मध्ये 2.6.0 या स्थिर आवृत्तीसोबत सर्वांपर्यंत पोहोचलेल्या सीपीयूफ्रीकमध्ये दोन प्रकारच्या चालकांना जागा होती. एक, ज्यांना केवळ धोरण सांगायचे. दुसरे, ज्यांना नेमका आकडा द्यायचा. दुसऱ्या प्रकारासाठी आकडा ठरवणाऱ्या घटकाला गव्हर्नर हे नाव मिळाले. पहिल्या प्रकारात तेव्हा लाँगरनचे चालक सोडल्यास फारसे कोणी नव्हते. ट्रान्समेटा पुढे बाजारातून मागे पडली आणि ही तरतूद दशकभर जवळजवळ अडगळीत राहिली. ती नंतर कशी उपयोगी पडली ते पुढे येईल.

आरंभीचे गव्हर्नर फारसे हुशार नव्हते. एक सतत कमाल वेग ठेवी, दुसरा सतत किमान, आणि तिसरा निर्णय कर्नलबाहेरच्या प्रोग्रामवर सोपवी. असा प्रोग्राम ठराविक अंतराने कर्नलची आकडेवारी वाचून वेगाचा आकडा परत लिहीत असे. मार्च 2003 मध्ये इंटेलचा पेंटियम एम आला आणि परिस्थिती बदलली. त्याच्या 1.6 गिगाहर्ट्झच्या नमुन्यात 600 मेगाहर्ट्झपर्यंत सहा पायऱ्या होत्या आणि एका पायरीवरून दुसरीवर जाण्यास सुमारे 10 मायक्रोसेकंद पुरत. बदल इतका स्वस्त झाल्यावर तो बाहेरच्या प्रोग्रामच्या सावकाश चालीने करणे व्यर्थ होते. इंटेलमधील वेंकटेश पल्लिपडी यांनी लिहिलेला ऑनडिमांड हा गव्हर्नर ऑक्टोबर 2004 मध्ये 2.6.9 या आवृत्तीत आला. प्रोसेसर 80 टक्क्यांहून अधिक गुंतला की एकदम कमाल वेगावर न्यावा, भार ओसरला की खाली आणावा, असा त्याचा नियम होता. वायझर आणि सहकाऱ्यांची खिडकी आता कर्नलच्या आत आली होती.

रिकाम्या वेळेचा हिशेब

वेग कमी करणे हा बचतीचा एकच मार्ग नव्हे. प्रोसेसरला पूर्ण झोपवणे हा दुसरा, आणि 2004 नंतर तो अधिक महत्त्वाचा ठरत गेला. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व सहकाऱ्यांनी 1974 मध्ये दाखवले होते की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले तर चिपच्या एकक क्षेत्रफळातील शक्ती स्थिर राहते. तीन दशके उद्योग या नियमावर चालला. पुढे ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद अवस्थेतही त्यांतून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. मे 2004 मध्ये इंटेलने टेजास हा आगामी वेगवान प्रोसेसर रद्द केला, ती या बदलाची ठळक खूण होय. झिरपणारी वीज प्रोसेसर जागा असेपर्यंत जातच राहते. त्यामुळे काम झटपट उरकून गाढ झोपावे, हे संथ गतीने काम करीत राहण्यापेक्षा काही वेळा किफायतशीर ठरते.

यात अडचण खुद्द कर्नलचीच होती. 2.6 मालिकेच्या प्रारंभी इंटेल प्रकारच्या प्रोसेसरवर कर्नलचे घड्याळ सेकंदाला 1000 ठोके देत असे. काम असो वा नसो, प्रत्येक ठोक्याला प्रोसेसर जागा होई. रात्रभर दर मिनिटाला दार वाजवून आपण झोपलात ना, असे विचारणाऱ्या पहारेकऱ्याची ही तऱ्हा होती. 2005 साली 2.6.13 मध्ये हे ठोके 250 वर आणले गेले. खरा उपाय एप्रिल 2007 मध्ये 2.6.21 सोबत आला : थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांच्या कामातून, रिकाम्या प्रोसेसरवरील ठोके थांबवून पुढील नियोजित कामाच्या वेळीच त्याला उठवण्याची सोय झाली.

तेव्हा दुसरेच सत्य बाहेर आले. इंटेलच्या आर्यन व्हॅन डे व्हेन यांनी मे 2007 मध्ये पॉवरटॉप हे साधन प्रसिद्ध केले. प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा जाग येते आणि ती कोणामुळे, याची यादी ते दाखवी. कर्नल शांत झाला तरी निरनिराळे प्रोग्राम काही घडले का हे पाहण्यासाठी विनाकारण जागे होत असल्याचे वापरकर्त्यांना प्रत्यक्ष दिसू लागले, आणि अनेक प्रोग्राम त्यानंतर दुरुस्त झाले. मापन उपलब्ध होताच वर्तन बदलते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

जानेवारी 2008 मधील 2.6.24 या आवृत्तीत सीपीयूआयडल ही व्यवस्था आली. प्रोसेसरच्या झोपेचे अनेक स्तर असतात. झोप जितकी गाढ तितकी बचत अधिक, पण तीत शिरण्याचा आणि बाहेर येण्याचा खर्चही अधिक. म्हणून झोप किती काळ टिकेल याचा अंदाज महत्त्वाचा ठरतो. मेन्यू हा गव्हर्नर पुढचा टायमर केव्हा वाजणार हे पाहून आणि मागील अनुभवाने त्यात दुरुस्ती करून स्तर निवडत असे.

तीन खाती, एक यंत्र

या टप्प्यावर कर्नलमध्ये तीन स्वतंत्र खाती तयार झाली होती. वेग ठरवणारे सीपीयूफ्रीक, झोप ठरवणारे सीपीयूआयडल, आणि कोणते काम कोणत्या प्रोसेसरवर केव्हा चालवायचे ते ठरवणारा शेड्यूलर. कामाची प्रत्यक्ष माहिती शेड्यूलरकडे होती. पण वेग ठरवणारे खाते त्याला न विचारता दाराबाहेरून गर्दी मोजत होते. प्रशासनशास्त्राच्या अध्यापकांना ही परिस्थिती नवी वाटू नये.

बहुगाभा प्रोसेसर आल्यावर तिचे दुष्परिणाम उघडे पडले. समजा, एक जड काम पहिल्या गाभ्यावर चालू आहे आणि शेड्यूलरने ते दुसऱ्या गाभ्यावर हलवले. दुसऱ्या गाभ्याचा इतिहास रिकामा. म्हणून तो मंद वेगात, आणि काम रखडते. पहिल्या गाभ्याचा इतिहास भरलेला. म्हणून तो काम नसतानाही काही काळ वेगात. 2011 साली एआरएमने बिग.लिटल रचना जाहीर केली, तीत वेगवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे गाभे एकाच चिपवर होते. काम कोठे ठेवायचे हा प्रश्न आता थेट विजेचा प्रश्न बनला.

शेड्यूलरमध्ये वीजबचतीची एक जुनी तरतूद होती. ती नीट चालत नसल्याने पीटर झाइल्स्ट्रा यांनी 2012 मध्ये काढून टाकली. त्यानंतर इंटेलचे अ‍ॅलेक्स शी, लिनारोचे व्हिन्सेंट गिटो आणि एआरएमचे मॉर्टन रासमुसेन यांच्याकडून वेगवेगळे प्रस्ताव आले. मे 2013 च्या अखेरीस शेड्यूलरचे एक प्रमुख इंगो मोलनार यांनी स्पष्ट भूमिका घेतली : तिन्ही खात्यांचा एकत्रित विचार करणारा आराखडा येत नाही तोवर तुकड्यातुकड्यांनी आलेले बदल स्वीकारले जाणार नाहीत. त्या भूमिकेमुळे काम लांबले, अशी टीका करता येते. तथापि, तीन खाती स्वतंत्रपणे सुधारत राहिली असती तर त्यांच्यातील विसंगतीच अधिक कार्यक्षम झाली असती. म्हणून हा आग्रह योग्यच म्हटला पाहिजे.

त्यासाठी लागणारे मापन तोवर तयार झाले होते. पॉल टर्नर यांनी केलेली आणि फेब्रुवारी 2013 मध्ये 3.8 या आवृत्तीत आलेली पेल्ट ही पद्धत भार गाभ्यामागे नव्हे, कामामागे मोजते. वेळेचे सुमारे एक मिलिसेकंदाचे तुकडे पाडून जुन्या तुकड्यांचे वजन ती उतरवत जाते. 32 तुकड्यांपूर्वीच्या कामाला आजच्या निम्मे वजन मिळते. काम दुसऱ्या गाभ्यावर गेले की त्याची नोंद त्याच्यासोबत जाते.

या मापनावर आधारित स्केडयुटिल हा गव्हर्नर राफेल वायसोकी यांनी लिहिला आणि तो जुलै 2016 मध्ये 4.7 सोबत आला. त्याची आज्ञावली लहान आहे. शेड्यूलरकडील उपयोगाचे प्रमाण घ्यावे, कमाल वारंवारतेने आणि सव्वाने गुणावे; उत्तर हीच नवी वारंवारता. सव्वाचा गुणक म्हणजे 80 टक्के उपयोगाला पूर्ण वेग. ऑनडिमांडचा जुना उंबरठा असा नव्या वेशात परतला. मात्र माहिती आता ठराविक वेळेने नमुना घेऊन येत नव्हती. शेड्यूलर स्वतःच, काम येता-जाता, ती देत होता.

उणीव राहिलीच. पेल्टच्या गणिताने शून्यापासून सतत चालणाऱ्या कामाचा भार 80 टक्क्यांवर पोहोचण्यास सुमारे 74 मिलिसेकंद लागतात, आणि सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एका चित्रासाठी जेमतेम 16 मिलिसेकंद असतात. बोट फिरवताच पडदा अडखळतो तो यामुळे. एआरएमचे पॅट्रिक बेलासी यांनी 2018 मध्ये 4.17 साठी आणि 2019 मध्ये 5.3 साठी यावर उपाय दिले; दुसऱ्या उपायाने एखाद्या कामाला किमान किंवा कमाल किती भाराचे मानावे हे बाहेरून सांगता येते. मार्च 2019 मधील 5.0 या आवृत्तीत क्वेंटिन पेरे यांच्या नावे ऊर्जा-जागरूक शेड्यूलिंग समाविष्ट झाले. प्रत्येक गाभ्याच्या प्रत्येक पायरीला किती शक्ती लागते याचे कोष्टक पाहून, काम जेथे सर्वांत कमी ऊर्जेत होईल तेथे ते ठेवले जाते. कोणता वेग निवडला जाईल हे आधी कळल्याशिवाय असा हिशेब करता येत नाही. म्हणून ही व्यवस्था स्केडयुटिलवर उभारली गेली. मोलनार यांनी मागितलेले ऐक्य भ्रमणध्वनीसारख्या यंत्रांपुरते तरी असे बहुतांशी साधले.

चिपच्या आत

इंटेलच्या प्रोसेसरवर मात्र इतिहासाने वेगळे वळण घेतले होते. 2008 मधील नेहेलम पिढीपासून टर्बो तंत्र आले. तापमान आणि शक्तीची मर्यादा यांत वाव असेल तर चिप जाहीर वेगाच्याही वर जाऊ लागली, आणि तो वाव किती आहे हे चिपलाच ठाऊक. कर्नलने मागितलेला आकडा ही आता विनंती झाली. एप्रिल 2013 मध्ये 3.9 या आवृत्तीत डर्क ब्रँडेवी यांचे इंटेल पीस्टेट हे चालक आले. त्याने सामायिक गव्हर्नर बाजूला ठेवले आणि 2002 च्या वादातून राहिलेल्या, धोरण सांगण्याच्या त्या अडगळीतील दाराने प्रवेश केला. त्यातून नामसाधर्म्याचा घोटाळाही झाला : सामायिक व्यवस्थेतील पॉवरसेव्ह म्हणजे किमान वेग, तर या चालकातील पॉवरसेव्ह म्हणजे भारानुसार कमीअधिक होणारा वेग. एकाच नावाचे दोन अर्थ अनेक वापरकर्त्यांना आजही चकवतात.

2015 मधील स्कायलेक पिढीत वेगाची निवडच चिपने आपल्याकडे घेतली. कर्नल तिला किमान, कमाल आणि 0 ते 255 मधील एक कल सांगतो. 0 म्हणजे पूर्ण कामगिरी, 255 म्हणजे पूर्ण बचत. मधल्या क्षणोक्षणीच्या निवडी चिपमध्ये होतात. एएमडीसाठी हुआंग रुई यांनी लिहिलेले चालक मार्च 2022 मध्ये 5.17 सोबत आले आणि एप्रिल 2023 मधील 6.3 मध्ये त्यालाही अशीच स्वयंनिर्णयाची पद्धत मिळाली. क्रुसोची कल्पना अशा रीतीने तिच्या स्पर्धकांच्या प्रोसेसरमध्ये रूढ झाली.

तांत्रिक दृष्ट्या याचे समर्थन सोपे आहे. चिप मिलिसेकंदाच्या आत प्रतिसाद देऊ शकते आणि तिला स्वतःचे तापमान ठाऊक असते. पण इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक नुकसान नोंदवावे लागते. ऑनडिमांडचा 80 टक्क्यांचा उंबरठा कोणालाही वाचता, तपासता आणि बदलता येत होता; पेल्टमधील 32 आणि स्केडयुटिलमधील सव्वा यांवर अनेक वर्षे जाहीर वाद होऊ शकले. 128 हा कल दिल्यावर चिप नेमके काय करते, यावर तसा वाद घालण्यासाठी मूळ आज्ञावली कर्नलच्या विकासकांपुढे नसते. त्यांच्या हाती उरते ते बाहेरून मोजणे. 2020 साली 5.7 मध्ये जोव्हानी घेरदोविच यांनी आणलेला बदल याच स्वरूपाचा आहे : मागच्या काळात प्रोसेसर प्रत्यक्षात किती वेगाने चालला हे चिपमधील दोन गणकांवरून काढून शेड्यूलरच्या भारमापनात दुरुस्ती केली जाते.

2021 मध्ये इंटेलनेही एल्डर लेक पिढीत दोन प्रकारचे गाभे एकत्र आणले. सोबत दिलेल्या थ्रेड डायरेक्टर या व्यवस्थेत कोणता गाभा या क्षणी किती कार्यक्षम आहे याचे कोष्टक चिप स्वतः स्मृतीत लिहिते आणि कर्नलला सूचना देते. मे 2022 मधील 5.18 या आवृत्तीपासून लिनक्स हे कोष्टक वाचून बाहेरच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचवू लागले. वेगाचा आकडा कर्नलकडून चिपकडे जावा, या कल्पनेने सीपीयूफ्रीकचा आरंभ झाला होता. या कोष्टकातील आकडे चिपकडून कर्नलकडे येतात.